हत्याराचा दोष

“चालवा ना मिस्त्री, माझ्यासमोर चालवा,” नव्या मॅनेजरबाई म्हणाल्या, आणि बाईंनी काहीतरी घाट घातलाय याची मिस्त्रींना खात्रीच पटली.

मिस्त्री म्हणजे ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर. बाकीचे कोड लिहीत, हे तो सगळा जोडून सलाइनच्या पंपात भरायचं सॉफ्टवेअर बांधून देत, म्हणून मिस्त्री. हे बांधायचं हत्यार, म्हणजे एक जुना प्रोग्राम, वीस वर्षांपूर्वीचं, आणि बाईंच्या डोळ्यांत ते आल्या दिवसापासून सलत होतं. आता म्हणे, औषधाच्या मात्रेतली चूक बाईंनी तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्त केली, तरी आज सकाळी एका पंपात जुनंच गणित निघालं. निघेल कसं? हत्यार गेलं की मागोमाग आपण जाणार, एवढं काय मिस्त्रींना कळत नव्हतं?

बाईंनी मात्रेच्या फाइलीत एक ओळ बदलून सेव्ह केली. मिस्त्री त्यांच्या बोटांवरून नजर हलवायला तयार नव्हते. मग हत्यार चालवायला त्यांनी स्वतः ऐटीत एंटर दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं: सगळं ताजं आहे, काही करायचं नाही.

“अहो, आत्ता बदललं ना आपण?” बाई म्हणाल्या.

हे हत्यार मजकूर वाचत नाही, नुसत्या तारखा बघतं. बदललेली फाइल आधी बांधलेल्या भागापेक्षा नवी असेल, तरच तो भाग पुन्हा बांधतं. मिस्त्रींनी त्या भागाची तारीख काढली. पुढच्या वर्षाची!

गेल्या महिन्यात या कॉम्प्युटरचं घड्याळ बंद पडलं होतं. तारीख त्यांनीच हाताने टाकली, वर्ष चुकलं, आणि दुपारी लक्षात आल्यावर गुपचूप नीट केलं. तेवढ्या वेळात नेमका हाच भाग बांधून झाला होता. त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती हत्याराच्या लेखी शिळी.

तारीख बाईंनीही पाहिली. त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. म्हणजे तयारच होता! “जुनं हत्यार आजच्या कामाला पुरत नाही, एवढंच लिहिलंय. सही करा. तुमच्यावर काही येणार नाही.”

एवढा कळवळा? बाई चिडल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. तरी खरं सांगायचं तर त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सही केली की सुटले. वर्ष कुणी टाकलं, हे कोण कशाला विचारतंय?

“तुमच्या दुरुस्तीनंतर किती पंप बाहेर गेले?” त्यांनी विचारलं.

“एकशेचाळीस. सगळे वॉर्डांत लागलेत.”

मिस्त्रींनी कागद परत सरकवला.

“वर्ष मी चुकवलं, बाई. तेही लिहा, पण नंतर. आधी हॉस्पिटलांना फोन लावायचेत. अर्धे नंबर माझ्याकडे द्या.”