लुगड्याचा काठ

पंजाबराव मिस्त्रीनं रेडिओचा मागचा पुठ्ठा काढला, तर आत प्रत्येक व्हॉल्व्हवर चुन्याचं बोट उमटलेलं.

"हे काय लावलं, बाई?"

"खूण हाय. इथं रिसोडात मिस्त्री लोकं आतला माल बदलतात म्हने."

पंजाबराव हसला. गोजराबाई हसली नाही. स्टूल ओढून ती त्याच्या कोपराशी येऊन बसली.

व्हॉल्व्ह धड होते. वायरींवरचं रबर मात्र जुन्या पापडासारखं झालं होतं. बोट लागलं की भुगा. उघड्या तारा एकमेकींना चिकटायच्या आणि धूर निघायचा. तो एकेक वायर सोडवी, तेवढीच नवी कापी, कथलाचा डाग देई. निघालेली प्रत्येक वायर गोजराबाई उचलून लुगड्याच्या ओच्यात टाकी.

"कचरा कायले जमा करून राह्यल्या?"

"माह्या घरचा हाय. तुमी हात चालवा."

मग तळाची एक वायर निघाली. तिच्यावर रबर नव्हतंच. कापडाची पट्टी गुंडाळून वरून दोरा बांधला होता. हिरवं कापड, लाल काठ.

"हे मिस्त्रीचं काम नाही," पंजाबराव म्हणाला. "घरच्याच मानसानं केलं. पन काय नेटकं केलं!"

गोजराबाईचा हात थांबला. रेडिओ उघडून बसायचा नाद एकट्या देवमनलाच, तिच्या नवऱ्याला. तो जाऊन तीन वर्षं झाली.

आणि लुगडं तिचंच. आठ वर्षांपूर्वी वाळत घातलेलं काढलं, तर पदराचा काठ कापलेला. असा काठ करणीसाठीच नेतात. वाळणाची दोरी तिची आणि जावेची, भागिरथेची, एकच. भर आळीत तिनं जावेला चेटकीण म्हटलं. अंगणात भिंत उभी राहिली. भांडण पेटलं तेव्हा देवमन रेडिओपाशी मान खाली घालून बसला होता. तिला वाटलं होतं, बिचारा भावजयीपायी लाजला.

पंजाबरावनं शेवटचा डाग दिला. बटण फिरवल्यावर खरखर झाली, मग बाजारभाव सुरू झाले.

"घ्या. आता तरी झाला इश्वास?"

गोजराबाईनं ओचा त्याच्या टोपलीत झटकला. पट्टीची वायर तेवढी पुढे केली.

"हे होतं तिथंच बांधून ठेवा, भाऊ."

"कायले? नवी टाकली ना."

"पुठ्ठा भागिरथेच्या हातानं उघडावा लागंन. माह्या हातात पाह्यलं, तं म्हनंन, आजच कापून आनलं."