सगळ्यात खालचा प्रश्न

"आत सोडत नाही म्हणजे काय? दरडाव की त्याला," बाबा पलंगावरून म्हणाले. सुजलेल्या गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून ते शाल्मलीचा गेम बघत होते.

पडद्यावर किल्ल्याचा म्हातारा पहारेकरी दार अडवून उभा होता. दरडावून झालं होतं. त्याचं मन वळवायला बोलण्याच्या कौशल्याचे चाळीस गुण लागत होते आणि शाल्मलीकडे बाराच होते. गेममध्ये कमावलेले बाकी सगळे गुण तिने तलवारीत घातले होते.

"ते खाली काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं. पहारेकऱ्याशी काय बोलायचं त्याच्या यादीत सगळ्यात खाली एक प्रश्न होता: 'तुला भीती कशाची वाटते?'

"त्याला गुण लागत नाहीत, पण त्याने दारही उघडत नाही. नुसता बोलत बसतो तो."

"मग बोलू दे की बिचाऱ्याला."

तिने बटण दाबलं. पहारेकरी बोलत राहिला, बाबा मान डोलावत ऐकत राहिले, आणि शाल्मली बाबांकडे बघत राहिली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वर्षभर तिने त्यांना समजावलं होतं, धमकावलं होतं, डॉक्टरांकडूनही सांगवून पाहिलं होतं.

तिने गेम थांबवला. "बाबा, ऑपरेशनची तुम्हाला भीती कशाची वाटते?"

बाबांनी गुडघ्यावरची पिशवी सारखी केली.

"घरात आपण दोघंच," ते म्हणाले. "नंतर महिनाभर मला संडासला तू धरून नेणार. माझी मुलगी."

यावर तिच्याकडे दहा उत्तरं तयार होती. त्यातलं एकही तिने दिलं नाही. खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि त्यांना बोलू दिलं.