ओळखीची बाजू

"हिला हसायला कोणी शिकवलंच नसावं," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली आणि वर्गात हशा पिकला.

मॅडमनी फोटो सगळ्यांना दिसेल असा धरला होता. चाळिशीतली बाई, खुर्चीत ताठ बसलेली, ओठ घट्ट मिटलेले, नजर थेट समोर. प्रत्येकाने घरून एक फोटो आणून टेबलावर पालथा ठेवायचा, कोणाचा कोणता ते सांगायचं नाही, आणि बाकीच्यांनी त्यात दिसेल ते बोलायचं, असा आजचा धडा होता.

"मुख्याध्यापिका असणार," एकजण म्हणाला. दुसऱ्याला तिच्या मुठीत राग दिसला. "घरात हिच्यापुढे बोलायची कोणाची टाप नसेल," तिसऱ्याने भर घातली.

शेवटच्या बाकावरचे काकाही हसले. फोटो त्यांनी आणला होता. बाई त्यांची बायको होती. तिला जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं आणि आता तिचा विषय कोणी काढत नसे. मुलगा फोनवर काकांची औषधं आणि झोप तेवढी विचारायचा. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिच्याबद्दल चार शब्द ऐकावेत, म्हणून तर त्यांनी फोटो खिशात घालून आणला होता. ऐकायला मिळाले, ते हे.

बोलावं असं त्यांना वाटलं. पण बोलणार काय? फोटोत ती खरंच तशी दिसत होती. मॅडमनी पुढचा फोटो उचलला.

रिकामं घर खायला उठायचं, म्हणून काकांनी संग्रहालयातल्या कलारसग्रहणाच्या या वर्गात नाव घातलं होतं. मुलं वाईट नव्हती. काकांसाठी दार धरून ठेवायची, जिन्यावर बाजूला व्हायची. चहाला जाताना मात्र त्यांना हाक मारायचं कोणाला सुचायचं नाही.

तासाच्या उत्तरार्धात मॅडम सगळ्यांना खालच्या दालनात घेऊन गेल्या. मध्यभागी काळ्या दगडातली एक स्त्री होती, खाली वाकून कसल्यातरी कामात गुंतलेली. मुलांनी पुढून कोंडाळं केलं.

"हिला काहीतरी सलतंय."

"छे, ही कोणाची तरी वाट बघतेय."

काका कोंडाळ्याबाहेरून फिरत फिरत मागे गेले आणि तिथेच थबकले. मागे शिल्पकाराने फारसं काही घडवलं नव्हतं. छिन्नीचे घाव तसेच होते. पण मान वाकलेली, एक खांदा जरासा उतरलेला आणि केसांची गाठ सैल होऊन मानेवर आलेली.

"काका, इकडे या ना," मॅडम म्हणाल्या. "चेहरा इकडे आहे."

"असू दे. माझ्या ओळखीची बाजू ही आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं.

सगळे आपल्याकडे बघताहेत हे काकांच्या लक्षात आलं. "काही नाही हो," ते म्हणाले. "छापखान्यात उलट्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात जन्म गेला. आयुष्यभर उलटंच वाचत आलोय."

या वेळी सगळेच मोकळेपणाने हसले. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि वर्ग पलीकडच्या दालनाकडे निघाला.

पुढच्या बाकावरची ती मुलगी तेवढी रेंगाळली. पुतळ्याला वळसा घालून ती काकांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काका, तो मघाचा फोटो तुमचा होता का?"

"हो."

तिने मान खाली घातली. "मी काहीतरी बोलून गेले. मला माहीत नव्हतं."

"अगं, तुझं काय चुकलं? फोटोत ती तशीच आलीय. कॅमेऱ्यासमोर बसवलं की श्वास धरून बसायची. सगळे फोटो समोरूनच काढलेत बघ. आणि मी तिला समोरून बघितलं ते थोडंच. मी घरी यायचो तेव्हा ती कायम पाठमोरी असायची. ओट्याशी नाहीतर शिलाई मशीनवर. अशीच वाकलेली."

मुलीने दगडाच्या त्या पाठीकडे बघितलं. मग जिथून काका बघत होते, तिथे थोडं सरकून पुन्हा बघितलं.

"रागीट नव्हत्या ना त्या?" तिने हळूच विचारलं.

"होती की. भात करपला तरी माझ्यावर रागवायची." काका हसले. "पण चिडलेली असो नाहीतर कशी असो, मी दारात आलो की तिला कळायचं. वळायची नाही. हातातलं कामही सोडायची नाही. नुसत्या पावलावरून ओळखायची."

"आणि मग?"

"मग काय. 'आलात?' म्हणायची."

पलीकडून मॅडमनी हाक मारली. "येताय ना?" मुलीने विचारलं.

"तू हो पुढे."

ती गेली. दालनात कोणी उरलं नाही. काका दारापर्यंत गेले आणि वळले. मग बुटांचा आवाज होईल अशी पावलं टाकत, सावकाश, त्या पाठीच्या दिशेने आले. हातभर अंतरावर थांबले आणि कान देऊन उभे राहिले.