पहिल्या पानाची तळटीप

अर्थशास्त्राच्या बाई निवृत्तीच्या आदल्या दिवशी कपाट आवरत होत्या. संशोधनाच्या मूल्यमापनात विभागात त्यांचा नंबर शेवटून पहिला आला होता, कारण उभ्या कारकिर्दीत त्यांच्या शोधनिबंधांचा संदर्भ इतरांनी जेमतेम अकरा वेळा दिला होता. तो अहवाल लिहिणारा विभागप्रमुख, त्यांचाच जुना विद्यार्थी, दारात घुटमळला. मग त्यानं टेबलावर जाडजूड गठ्ठा ठेवला. “दोनशे सात शोधनिबंधांची पहिली पानं आहेत, बाई. महिनाभर शोधत होतो.” बाईंनी सवयीनं लाल पेन उघडलं. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, मसुदा तपासून दिल्याबद्दल, त्यांचे आभार होते. “सॉफ्टवेअर संदर्भ मोजतं, आभार मोजत नाही,” तो म्हणाला. बाईंनी चष्मा पुसला. सगळ्यात वरचं पान त्याचंच होतं. तळटीप त्यांनी मोठ्यानं वाचली: “बऱ्याच चुका बाईंनी काढल्या. उरलेल्या माझ्या.” “त्यात माझा अहवालही धरा,” तो म्हणाला.