फाइलमधली टीप

नव्यानं कामावर आलेल्या शाल्मलीनं कॉलेजच्या सर्व्हरवर लिनक्सचं नवं कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चढवलं आणि मशीन रीस्टार्ट केलं. पूर्वी माझ्या खुर्चीमागे उभे राहणारे प्राचार्य हल्ली तिच्या मागे उभे असतात.

या मशीनला डिस्कचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो, नाहीतर ते सुरूच होत नाही. माहीत असून मी बोललो नाही. पडू दे तोंडावर.

स्क्रीन काळी झाली. मग लॉगिन आलं.

"वाचले, सर," ती म्हणाली. "ड्रायव्हरचं तुम्ही फाइलमध्ये लिहून ठेवलं होतंत म्हणून."

मी फाइल उघडली. बारा वर्षांपूर्वीची माझीच टीप होती: 'कर्नेल बदलताना आधी ड्रायव्हर घाला. अडलं तर कधीही फोन करा.' खाली माझा नंबर.

इतके दिवस तिचा हेवा वाटत होता. आता ती टीप लिहिणाऱ्या त्या माणसाचा वाटला.