खुशालीचे डबे

अकोल्याला नांदणारी माया रोज दुपारी आईला मराठीतून मेसेज करायची. दर्यापुरात सुंदराबाईंच्या जुन्या बटनाच्या फोनवर मात्र त्यातलं एक अक्षर उमटायचं नाही, नुसते चौकोनी डबे दिसायचे. बाईंना वाचता येत होतं, फोनलाच मराठी येत नव्हतं. पण हे त्यांनी लेकीला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं नवा फोन घेऊन दिला असता आणि त्यावरून सासरी बोलणी खाल्ली असती. डबे आले म्हणजे पोरगी खुशाल, एवढं त्यांना पुरे होतं. मग त्या एक मिस कॉल द्यायच्या. मायलेकींचं ठरलेलंच होतं, मिस कॉल आला की आईनं वाचलं.

आज डबे भल्या सकाळीच आले, आणि संपता संपेनात. बटन दाबून दाबून अंगठा दुखला.

"काय लिवलं वं एवढं पोरीनं?" शेजारच्या बेबीताईंनी विचारलं.

"काय लिवनार! सुखात हाय, म्हून मोकळी होऊन राहिली मायजवळ," सुंदराबाई हसल्या.

 

आणि रोजच्यासारखा मिस कॉल देऊन त्यांनी लेकीला कळवून टाकलं, की आईनं सगळं वाचलं.