दोन नंबरचं ड्रॉईंग

“दिवा कुणी मागितला, तेवढं सांग. बाकीचं मला शिकवू नगंस.”

रायगोंडानं पाना टेबलावर आपटला. सौरव खुर्चीतनं उठून त्याच्या म्होरं येऊन हुबा ऱ्हायला. ह्या पोराला ही खोडच व्हती. बोलायचं झालं की समोर यायचं, तोंडाकडं बघत सावकाश बोलायचं, मास्तरागत.

“अण्णा, नाव सांगायचं न्हाय असं ठरलंय. आप्पांनी सही बी केल्या.”

आप्पा म्हंजे मालक. त्यांच्या निपाणीच्या वर्कशॉपात पयल्यांदाच पत्रा दाबायचा एवढा मोठा प्रेस बनत व्हता. विकायला न्हवं, घरच्याच कामाला. चालवणार रायगोंडा. आख्खी जवानी हातोड्याच्या मशीनवर काढलेला गडी, दुसरं कोण चालवणार?

पण ड्रॉईंग सौरवच्या ताब्यात. बेळगावात इंजिनेर झालेलं पोरगं. आल्या आल्या त्यानं नियम लावला. काय बदलायचं असंल तर कुणी मागितलं, कशापायी मागितलं, त्यानं आणि काय काय बदलंल, हे आधी ठरवायचं. मग नवं ड्रॉईंग काढायचं आणि जुनं फाडायचं. रायगोंडानं आजवर सगळ्या मशिनी तोंडी बोलण्यावर उभ्या केलत्या.

दोन नंबरच्या ड्रॉईंगात नुसता भोंगा व्हता. वरचा लोखंडी ठोकळा खाली यायच्या आधी भोंगा सुरू व्हणार, म्हंजे माणूस हात काढून घेणार. ठोकळा परत वर जाईस्तवर वाजत ऱ्हाणार. तीन नंबरच्यात सौरवनं त्याच्या जोडीला लाल दिवा घातला, चालवणाऱ्याच्या अगदी डोळ्यांम्होरं.

“लग्नाचा मांडव हाय काय रं?” रायगोंडा म्हणालता. पोरं हसलीती. सौरव हसला न्हवता.

ते बी सोसलं असतं. पण शनवारी त्यानं गेटजवळ बघितलं. त्याची बायको कांता डबा घेऊन आलती आणि सौरव तिला त्यो दिवा पेटवून दावत व्हता. तिच्या तोंडावर लाल उजेड. तिनं दिव्याला हात लावला आणि हसली. घरात तशी हसून लई दिस झालते. दोघांची तोंडं हलत व्हती. रायगोंडा जवळ गेला तशी दोघं बी गप्प.

“काय चाललंय?”

“काय न्हाय. डबा आणलाय,” कांता म्हणाली.

आताशा घरात बी तीच तऱ्हा. मायलेकी कुजबुजत बसायच्या, ह्यो आला की इषय बदलायच्या. टीव्ही मुद्दाम बारीक ठेवायच्या. वर्कशॉपात पोरं पाठीमागं काय तरी पुटपुटायची, ह्यो वळला की सगळी त्याच्याकडंच बघत असायची. म्हंजे आख्ख्या निपाणीला ठाऊक हाय, त्याच्या मनात यायचं. आणि आत जाळ उठायचा.

ट्रायलच्या सकाळी सौरव सामान आणायला चिकोडीला गेलता. रायगोंडानं खिशातनं दोन नंबरचं ड्रॉईंग काढलं. फाडायला दिलेलं, त्यानं जपून ठिवलेलं. वायरिंगवाल्या भरमूला दिलं आणि सांगितलं, आप्पांनी बदललंय, दिवा काढ. भरमू म्हणाला, सौरवला एक फोन लावतो. रायगोंडानं नुसतं बघितलं. भरमूनं दिवा काढला. रायगोंडानं त्यो भंगाराच्या ड्रममधी फेकला. लई दिसांनी त्याला बरं वाटलं.

दुपारी आप्पा आले. कांताला बी त्यांनी बोलावून घेतलंतं. नारळ फुटला, पाणी प्रेसच्या ठोकळ्याखालच्या पाटावर सांडलं. रायगोंडा फडकं घेऊन पुसाय वाकला. मागं पॅनेलजवळ भरमूनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी मान हलवली. भरमूनं बटण दाबलं.

सौरव नुकताच गेटातनं आत येत व्हता. त्यानं हातातली पिशवी टाकली आणि पळत सुटला. रायगोंडाचा दंड धरून त्याला मागं वढला. दोघं बी फरशीवर पडली. ठोकळा फडक्यावर बसला.

रायगोंडा उठला, सौरवला ढकललं आणि वळून बघितलं. आप्पा दोन्ही हातांनी कान दाबून हुबे. पोरांची बोटं कानात. कांतानं पदर कानांवर गच्च धरलेला, डोळ्यांतनं पाणी. रस्त्यापल्याडचा चहावाला बी कान झाकून हिकडं बघत व्हता.

“भरम्या,” रायगोंडा म्हणाला, “भोंगा न वाजवताच सोडतोस व्हय रं? आता हितं थांबत न्हाय मी. चाललो.”